न्यू हेब्रिडीज (१९०६-१९८०): एकाच बेटावर दोन सरकारं, आणि रहिवासी मात्र कुणाचेच नाहीत

सागरगोटा (धागाकर्ता)

इंग्रज आणि फ्रेंच म्हटलं की आपल्यासमोर उभी राहतात ती कर्नाटकातली युद्धं. डुप्ले, क्लाइव्ह, अर्काट, पाँडिचेरीचे वेढे. एकमेकांचा काटा काढायला टपलेली ही दोन राज्यं पुढे एका ठिकाणी शेजारी बसून राज्य करू लागली आणि ७४ वर्षं करत राहिली, यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा.

ती जागा म्हणजे न्यू हेब्रिडीज, आजचा वानुआटू. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, फिजी आणि न्यू कॅलेडोनिया यांच्या शेजारी, सुमारे ऐंशी बेटांची माळ. कॅप्टन कुकने १७७४ साली स्कॉटलंडजवळच्या बेटांवरून हे नाव दिलं. राहणारे लोक मेलानेशियन, भाषा शंभराहून जास्त. १९०६ च्या करारानं तिथं ब्रिटन आणि फ्रान्सची संयुक्त राजवट सुरू झाली. बेटांची वाटणी झाली नाही. प्रत्येक बेटावर, प्रत्येक गावावर दोघांचाही सारखाच हक्क.

हे असं का झालं, ते थोडक्यात सांगतो. १८२५ नंतर चंदनाचे व्यापारी आले आणि चंदन संपेपर्यंत राहिले. त्यांच्या मागोमाग मिशनरी आले, बहुतेक प्रेस्बिटेरियन आणि इंग्रजी बोलणारे. मग मजूर नेणारी जहाजं आली. १८६३ पासून क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांवर, शिवाय फिजी आणि न्यू कॅलेडोनियाला इथली तरुण माणसं नेली गेली. काही करारावर गेली, अनेकांना फसवून किंवा पळवून नेलं. सोबत आलेल्या रोगांनी गावंच्या गावं ओस पडली.

तिकडे फ्रान्सनं १८५३ साली न्यू कॅलेडोनिया घेतलं होतं आणि शेजारची ही बेटंही हवी होती. ऑस्ट्रेलियातल्या वसाहती आणि मिशनरी लंडनच्या मागे लागले होते की फ्रेंचांना तिथं येऊ देऊ नका. लंडनला स्वतःला बेटांची फारशी गरज नव्हती, पण ऑस्ट्रेलियाला दुखवायचं नव्हतं. मग १८८७ साली दोघांच्या आरमारांचं एक संयुक्त मंडळ नेमलं. त्याचं काम गोऱ्यांच्या जिवाचं आणि मालमत्तेचं रक्षण. १९०४ साली दोन्ही देशांत समेट झाला, जर्मनी पॅसिफिकमध्ये हातपाय पसरत होता, आणि १९०६ साली हा करार झाला. १९१४ च्या पूरक करारानं तो आणखी पक्का केला, त्याची अंमलबजावणी महायुद्ध संपल्यावर, १९२२ पासून.

राजधानी पोर्ट व्हिला. तिथं एक ब्रिटिश रेसिडेंट कमिशनर आणि एक फ्रेंच. ब्रिटिशांचा मुक्काम बंदरासमोरच्या इरिरिकी नावाच्या चिमुकल्या बेटावर, फ्रेंचांचा समोरच्या टेकडीवर. दोन पोलीस दलं, दोन गणवेश, दोन तुरुंग, दोन इस्पितळं, दोन चलनं, पुढे दोन शिक्षणव्यवस्था. या दोघांच्या डोक्यावर तिसरं संयुक्त प्रशासन: टपाल, जकात, सार्वजनिक बांधकाम. आणि एक संयुक्त न्यायालय, १९१० पासून. त्यात एक ब्रिटिश न्यायाधीश, एक फ्रेंच आणि अध्यक्ष स्पेनच्या राजानं नेमलेला. दोघांपैकी कुणाचाही वरचष्मा नको म्हणून तिसऱ्या देशाचा माणूस.

या राजवटीवर जे काही लिहिलं जातं त्यातलं बरंचसं इथंच थांबतं. दोन झेंड्यांची उंची सारखी आहे ना हे कसं मोजत, अध्यक्षांना ऐकू कसं कमी यायचं, अशा गोष्टी चवीनं सांगितल्या जातात. मला हे वाचताना प्रत्येक वेळी खटकतं. या सगळ्या गोष्टी गोऱ्यांच्या क्लबात बसून पाहिलेल्या आहेत. गावात राहणाऱ्या माणसाला त्या राजवटीचा कसा अनुभव आला, ते त्यांत नाही.

करारात प्रत्येक सत्तेचा अधिकार आपापल्या नागरिकांवर होता. ब्रिटिश माणसाला ब्रिटिश कायदा, फ्रेंच माणसाला फ्रेंच कायदा. जपानी, चिनी, जर्मन, कुणीही तिसरा आला तर त्यानं दोहोंपैकी एक कायदा निवडायचा. आणि जे हजारो वर्षं तिथं राहत होते ते? त्यांना दोहोंपैकी कुणाचंच प्रजाजन होता येणार नाही, असं लिहिलं होतं. निवडीचा हक्क काल आलेल्या परक्याला होता, त्यांना नव्हता. त्यांना राष्ट्रीयत्व नव्हतं, पासपोर्ट नव्हता. स्वतःच्याच बेटावर, १९८० पर्यंत. त्या वेळी लोकसंख्या सुमारे १ लाख ११ हजार होती, आणि त्यातली बहुसंख्य माणसं कागदोपत्री कोणत्याच देशाची नव्हती.

दुसरी गोष्ट जमिनीची, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टींचं मूळ तीच आहे. जॉन हिगिन्सन नावाचा आयर्लंडमध्ये जन्मलेला आणि नंतर फ्रेंच नागरिक झालेला व्यापारी न्यू कॅलेडोनियात होता. त्यानं १८८२ साली कंपनी काढली आणि बेटांवर सपाट्यानं जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. विकत म्हणजे किनाऱ्यावरच्या कुणा माणसाला कापड, तंबाखू, बंदुका द्यायच्या आणि कागदावर अंगठा किंवा खूण घ्यायची. अख्खा उपसागर आणि त्यामागचा डोंगर एका कागदावर. त्या माणसाच्या दृष्टीनं तो परक्याला राहायला, पिकवायला परवानगी देत होता. जमीन वाडवडिलांची आणि पुढच्या पिढ्यांची, ती कायमची देऊन टाकायचा अधिकार एका माणसाला नाही, ही तिथली रीत. संयुक्त न्यायालयाचं एक मोठं काम या कागदांवरून जमिनी नोंदवायचं होतं. न्यायालयात स्थानिकांच्या बाजूनं बोलायला एक वकील नेमलेला असे, पण तोही युरोपीय. कागद गोऱ्यांचे, भाषा त्यांची, न्यायाधीश त्यांचे. आणि निकाल मजूर कायद्याखाली किंवा दारूबंदीखाली एखाद्या मळेवाल्याविरुद्ध गेलाच, तर अंमलबजावणी त्याच्याच देशाच्या रेसिडेंटच्या हातात. तो सवडीनं करी किंवा करतच नसे.

स्थानिकांना दारू आणि बंदुका विकायला करारानं बंदी होती. ब्रिटिश अधिकारी ती आपल्या व्यापाऱ्यांवर बऱ्यापैकी लादत, फ्रेंच बाजूला ढिलाई असे, मग ब्रिटिश व्यापारी ओरडत की आमचा धंदा बुडतो. दोघांची चढाओढ अशी चाले.

महायुद्धात काय झालं आणि स्वातंत्र्य कसं आलं ते प्रतिसादांत लिहीन. कुणी तिकडे जाऊन आलं असेल तर जरूर लिहा.

---

जास्वंद

फार सुंदर धागा. वानुआटू हे नाव फक्त बंजी जंपिंगच्या मूळ प्रथेमुळे ऐकलं होतं (पेंटेकोस्ट बेटावर लाकडी मनोऱ्यावरून पायाला वेली बांधून उडी मारतात ती). नागरिकत्वाचा भाग वाचून सुन्न झाले. पुढचं लवकर लिहा.

---

वकिलीण

शाळेत बंगालची दुहेरी राज्यव्यवस्था शिकलो होतो ती आठवली. १७६५ नंतर महसूल कंपनीकडे आणि कारभाराची जबाबदारी नवाबाकडे. पण तिथं एक धनी खरा होता आणि दुसरा नावाचा. इथं दोघंही खरे, म्हणून जबाबदारी कुणाचीच नाही.

एक प्रश्न. दोन स्थानिकांमध्ये भांडण झालं, खून झाला, तर खटला कुठं चालायचा? ब्रिटिश कायदा लागू नाही, फ्रेंचही नाही.

---

सागरगोटा

@वकिलीण, नेमका प्रश्न. सुरुवातीला त्यासाठी धड काहीच नव्हतं. १९१४ च्या पूरक करारात स्थानिकांसाठी वेगळी न्यायालयं ठरली आणि १९२० च्या दशकाच्या शेवटी स्थानिकांसाठी एक संहिता आली. बेटांचे चार जिल्हे केले होते आणि प्रत्येक जिल्ह्यात एक ब्रिटिश आणि एक फ्रेंच अधिकारी. ते गावोगाव फिरून, स्थानिक जाणत्यांना सोबत बसवून निकाल देत. पण जिल्हा म्हणजे कित्येक बेटं, हातात एखादी बोट. दोन अधिकाऱ्यांचं जमलं नाही तर गाव वाट बघत राही. रोजचे तंटे लोक आपल्या रीतीनं, आपल्या मुखियांसमोर मिटवत. ख्रिस्ती गावांत ते काम मिशनच्या वडीलधाऱ्यांकडे गेलं.

---

वाटसरू२२

लेख माहितीपूर्ण आहे, पण थोडा एकांगी वाटला. दोन सत्तांच्या स्पर्धेतून लोकांना फायदाही झाला असेल ना? दोन इस्पितळं, दोन प्रकारच्या शाळा. एकानं शाळा काढली की दुसराही काढणार. एकट्या सत्तेखाली असलेल्या शेजारच्या सॉलोमन बेटांना काय मोठं मिळालं? शिवाय सरकार दुबळं असल्यामुळेच तिथल्या भाषा आणि चालीरीती टिकल्या असतील. न्यू कॅलेडोनियात एकट्या फ्रान्सनं कानाक लोकांना (तिथल्या मूळ रहिवाशांना) राखीव गावांत कोंडलं आणि उरलेली जमीन घेतली. दोन मालकांच्या भांडणात निदान तेवढं वाचलं.

---

सागरगोटा

@वाटसरू२२, न्यू कॅलेडोनियाशी तुलना मान्य. तिथं जे झालं ते जास्त भयंकर होतं, आणि भाषा टिकल्या यात सत्तेच्या दुबळेपणाचा वाटा नक्की आहे.

शाळांचं मात्र तसं नाही. राजवटीची पहिली चाळीस-पन्नास वर्षं शिकवायचं काम जवळजवळ सगळं मिशनांनी केलं. सरकारी शाळांची स्पर्धा १९६० च्या दशकात लागली, जेव्हा दोघांनाही दिसायला लागलं की एक दिवस जावं लागणार. फ्रान्सनं तेव्हा शाळांवर प्रचंड पैसा ओतला, कारण उद्याचे मतदार फ्रेंच बोलणारे हवे होते. एकाच गावातलं एक पोर इंग्रजी शाळेत, दुसरं फ्रेंच शाळेत. मोठे झाल्यावर इंग्रजी शिकलेले प्रोटेस्टंट एका पक्षात आणि फ्रेंच शिकलेले कॅथलिक दुसऱ्या पक्षात गेले. शाळा मिळाल्या हे खरं, पण त्यांच्याबरोबर दुफळीही मिळाली, आणि आजही तिथं इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन माध्यमांच्या शाळा वेगवेगळ्या चालतात.

चालीरीतींबद्दल तान्ना बेटाचं उदाहरण सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं प्रेस्बिटेरियन मिशननं आपलाच कायदा चालवला. कावा (एका झाडाच्या मुळांचं गुंगी आणणारं पेय) पिणं बंद, नाच बंद, मोडणाऱ्याला शिक्षा. सरकार दुबळं म्हणून ही पोकळी मिशननं भरली. त्याची प्रतिक्रिया म्हणजे १९४० च्या सुमारास उठलेली, जॉन फ्रम नावाच्या दैवी पुरुषावर श्रद्धा ठेवणारी चळवळ. लोकांनी चर्च सोडलं, पुन्हा कावा प्यायला आणि नाचायला लागले. हे सरकारला मात्र धोकादायक वाटलं आणि एरवी कशावरही एकमत न होणाऱ्या दोन्ही रेसिडेंटांनी मिळून पुढाऱ्यांना पकडून दूर तुरुंगात टाकलं. बंदी उठायला १९५० चं दशक निम्मं सरावं लागलं.

---

वाटसरू२२

शाळांबद्दलचं पटलं. दोन माध्यमांच्या वेगळ्या शाळा चालू ठेवणं त्या मानानं खर्चिकही असणार. पण माझा मुद्दा सोडत नाही: दुबळ्या सरकारमुळे टिकलेलं बरंच काही आहे आणि त्याचं श्रेय लोकांना द्यायला हवं. दोन सत्तांमधल्या फटीत त्यांनी आपलं जगणं चालू ठेवलं. लेखात ते फक्त सोसणारे दिसतात.

---

सागरगोटा

हे बरोबर बोललात. जॉन फ्रम हे त्याचंच उदाहरण, आणि पुढे स्वातंत्र्याचा भाग लिहीन त्यातही ते दिसेल.

---

लॉगबुक

मी मर्चंट नेव्हीत होतो. व्हिला आणि सांतो (तिथलं सगळ्यात मोठं बेट), दोन्हीकडची बंदरं पाहिली आहेत. इरिरिकीवर आता पर्यटकांचं रिसॉर्ट आहे, बंदरातून छोट्या बोटीनं पाच मिनिटांत जाता येतं. व्हिलाच्या बाजारात बाया केळी, तारो, याम, नारळ विकतात. त्या आपसात बिस्लामा (इंग्रजी शब्दांवर उभी राहिलेली तिथली सामाईक भाषा) बोलतात, माझ्याशी इंग्रजी, आणि शेजारच्या बेकरीत फ्रेंच पाव. दोन्ही राजवटींचं जे उरलं आहे ते असं रोजच्या व्यवहारात दिसतं.

सांतोवरच्या लुगनव्हिल गावाचा मुख्य रस्ता एवढा रुंद आहे की आश्चर्य वाटतं. तो दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी लष्करी ट्रकांसाठी बांधला. अर्धगोल पत्र्याच्या बराकी अजून उभ्या आहेत. गावाबाहेर समुद्रात त्यांनी बुलडोझर, जीप, क्रेन टाकून दिलेली जागा आहे. त्याचं कारण सागरगोटा सांगतीलच.

---

सागरगोटा

@लॉगबुक, वर्णनाबद्दल आभार. युद्धाचा भाग आता लिहितो.

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्स जर्मनीपुढे पडला. जुलैमध्ये इथले फ्रेंच रेसिडेंट आंरी सोतो यांनी लंडनहून लढा चालू ठेवणाऱ्या जनरल द गॉल यांची बाजू घेतली. पॅसिफिकमधल्या फ्रेंच प्रदेशांत हे पहिलं. याला शेजारी ब्रिटिश असल्याचा उपयोग झाला, हेही खरं.

१९४२ साली अमेरिकन आले. एफाते (राजधानीचं बेट) आणि सांतोवर प्रचंड तळ उभे राहिले, धावपट्ट्या, इस्पितळं, गोद्या. सॉलोमन बेटांतल्या ग्वाडलकनालच्या लढाईची रसद इथूनच जात होती. ऑक्टोबरमध्ये ‘प्रेसिडेंट कूलिज’ हे मोठं जहाज सांतोजवळ आपल्याच बाजूनं पेरलेल्या सुरुंगांवर आपटून बुडालं. तान्नावरची शेकडो माणसं तळांवर कामाला गेली. त्यांनी तिथं काळे सैनिक पाहिले, गोऱ्यांसारखाच गणवेश घातलेले, तेच अन्न खाणारे, ट्रक आणि यंत्रं चालवणारे. अमेरिकन सैन्यात तेव्हा काळ्या-गोऱ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या, पण बेटावरच्या माणसाला जे दिसलं ते असं होतं. मळेवाल्याच्या अंगणातसुद्धा उभं राहू न दिलेल्या माणसावर त्याचा काय परिणाम झाला असेल, ते समजायला कल्पनेची गरज नाही.

युद्ध संपल्यावर अमेरिकनांनी सामान स्वस्तात विकायचा प्रस्ताव दिला. राजवटीनं घेतलं नाही. हे सगळं इथंच सोडून जाणार, मग पैसे कशाला मोजायचे, असा हिशेब होता असं सांगतात. अमेरिकनांनी ते सगळं समुद्रात लोटलं. जिथं एक रस्ता धड नव्हता तिथं बुलडोझर पाण्यात गेले. तीच ती लॉगबुक यांनी पाहिलेली जागा, ‘मिलियन डॉलर पॉइंट’.

---

तिकीटघर

पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांना न्यू हेब्रिडीज फार जवळचं. १९०८ साली पहिली तिकिटं आली ती उसनी: ब्रिटिश बाजूनं फिजीच्या तिकिटांवर छाप मारला, फ्रेंच बाजूनं न्यू कॅलेडोनियाच्या. त्यानंतर स्वतःची निघाली, पण प्रत्येक तिकीट दोनदा छापायचं, एकदा इंग्रजी मजकुराचं, एकदा फ्रेंच. चित्र तेच. किंमत कोणत्या चलनात घालायची यावर तोडगा म्हणून काही काळ ती सोन्याच्या फ्रँकमध्ये छापली, जे नाणं तिथल्या कुणाच्याही खिशात नव्हतं. माझ्याकडे दोन्ही भाषांतल्या जोड्या आहेत. सागरगोटांचा लेख वाचल्यावर त्यांवरची स्थानिकांची चित्रं वेगळी दिसायला लागली. होडी, मुखवटे, नाच सगळं छापलं आहे, आणि ज्यांचं ते आहे त्यांना त्या राज्यात नागरिक म्हणून जागा नव्हती.

---

मोकाकर

मी नोकरीनिमित्त मॉरिशसमध्ये राहतो, म्हणून तिथलं लिहितो. इथं दोघं एकत्र नव्हते, एकामागून एक आले. १७१५ पासून फ्रेंच, १८१० च्या डिसेंबरपासून ब्रिटिश. पण शरणागतीच्या अटींत ब्रिटिशांनी मान्य केलं की रहिवाशांचे कायदे, धर्म, रीतिरिवाज तसेच राहतील. रहिवासी म्हणजे फ्रेंच मळेवाले, हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे आजही दिवाणी कायद्याचा पाया नेपोलियनच्या संहितेचा आणि न्यायालयाची भाषा इंग्रजी. संसदेत इंग्रजी, वर्तमानपत्रं फ्रेंच, घराघरांत क्रिओल (फ्रेंचमधून तयार झालेली तिथली बोली).

गुलामांबद्दल पाहा. फ्रान्सच्या क्रांतिकारी सरकारनं १७९४ साली गुलामगिरी रद्द केली, तर इथल्या मळेवाल्यांनी ते सांगायला आलेल्या प्रतिनिधींना १७९६ साली बेटावरून हाकलून लावलं. ब्रिटिशांनी १८३५ साली रद्द केली, तर भरपाई मालकांना दिली, सुमारे २० लाख पौंड. मुक्त झालेल्यांना काही नाही. त्यांच्या जागी हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या आसपास करारबद्ध मजूर आणले. त्यांतले काही हजार मुंबई बंदरातून निघालेले आपले लोक, कोकणातले आणि घाटावरचे. त्यांचे वंशज आज इथं मराठी म्हणून ओळखले जातात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. ऊस फ्रेंच वंशाच्या मालकाचा, कायदा ब्रिटिशांचा आणि राबणारे आपले, अशी इथली संयुक्त राजवट होती म्हणा.

---

सागरगोटा

@मोकाकर, उत्तम भर. मजुरांवरून आठवलं: न्यू हेब्रिडीजमध्येही मळ्यांवर बाहेरचे मजूर आणले होते. स्थानिकांची संख्या रोगराईनं घटलेली आणि त्यांना मळ्यावर राबायची इच्छा नाही, म्हणून १९२० च्या दशकात फ्रेंच मळेवाल्यांनी आपल्याच साम्राज्यातल्या टाँकिनहून, म्हणजे उत्तर व्हिएतनाममधून, हजारो मजूर करारावर आणले. ब्रिटिश मळेवाल्यांना अशी सोय नव्हती आणि ते मागे पडत गेले. बेटांवरची बरीच खोबऱ्याची संपत्ती त्या व्हिएतनामी हातांनी उभी केली. युद्धामुळे परतीची जहाजं थांबली आणि अनेकजण वर्षानुवर्षं अडकून पडले. शेवटची मोठी तुकडी परतायला १९६३ उजाडलं.

---

पिंपळपान

हिंदुस्थानातल्या फ्रेंच वसाहतींबद्दल थोडं. १८१५ च्या करारानं ब्रिटिशांनी फ्रेंच प्रदेशातल्या मिठाचा व्यापार आपल्या हातात घेतला, आणि त्या बदल्यात फ्रेंच सरकारला दरवर्षी ४ लाख सिक्का रुपये देणं मान्य केलं. शिवाय ठरलेल्या किमतीला ३०० पेट्या अफू. पाँडिचेरीचं मीठ कुणी बनवायचं आणि कुणी विकायचं, हे लंडनमध्ये ठरलं.

पण त्याच पाँडिचेरीत १८८१ च्या फर्मानानं एखाद्याला आपला व्यक्तिगत कायदा सोडून फ्रेंच दिवाणी कायदा स्वीकारता येत होता. तिथून पॅरिसच्या संसदेवर प्रतिनिधी निवडून जात. सुब्रमण्य भारती १९०८ साली आणि अरविंद घोष १९१० साली ब्रिटिशांच्या हातून सुटून तिथंच राहिले. म्हणजे दोन सत्तांच्या सीमेचा माणसाला आसरा म्हणूनही उपयोग झाला. वाटसरू२२ यांच्या मुद्द्याला हा आधार आहे.

आणि याच्या उलट, जुलै १९१० मध्ये मार्सेय बंदरात सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीवरून उडी मारली. पाय फ्रान्सच्या भूमीवर होते, तरी फ्रेंच पोलिसानं त्यांना पकडून परत बोटीवर दिलं. फ्रान्सनं हरकत घेतली, प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं, आणि २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल ब्रिटनच्या बाजूनं लागला: ताब्यात देण्यात अनियमितता झाली, पण परत करायची गरज नाही. न्यू हेब्रिडीजचं संयुक्त न्यायालयही १९१० चंच. दोन सरकारं आपसातलं सगळं मिटवत होती, आणि ज्याच्याबद्दल ते चाललं होतं तो माणूस त्या लवादात पक्षकारही नव्हता.

---

वकिलीण

@पिंपळपान, तो लवादाचा निकाल वकिलीच्या अभ्यासात वाचला होता, पण या बाजूनं कधी पाहिला नव्हता. कॅमेरूनचंही इथं सांगायला हवं. पहिल्या महायुद्धात जर्मनांकडून घेतलेली ती वसाहत दोघांनी वाटून घेतली, मोठा भाग फ्रान्सला, पश्चिमेची पट्टी ब्रिटनला. १९६१ साली दक्षिणेकडच्या ब्रिटिश भागानं कौल देऊन फ्रेंच भागाशी संघराज्य केलं, १९७२ साली संघराज्य रद्द झालं, आणि २०१६ साली इंग्रजी भागातले वकील आणि शिक्षक रस्त्यावर आले. फ्रेंच पद्धतीचे न्यायाधीश आमच्या न्यायालयांत नेमू नका, ही त्यांची मागणी होती. त्यातून सशस्त्र संघर्ष पेटला. हजारो जीव गेले आहेत.

---

जास्वंद

स्वातंत्र्याचा भाग राहिला! आणि जमिनीचं पुढे काय झालं?

---

सागरगोटा

दोन्ही एकत्रच लिहितो, कारण स्वातंत्र्याची सुरुवात जमिनीपासून झाली.

१९६० च्या दशकात खोबऱ्यातून मिळकत कमी झाली आणि मळेवाले गुरं पाळायला लागले. चराईसाठी सांतोच्या आतल्या जंगलात कुंपणं घालायला लागले. कागदावर ती जमीन त्यांची होती, पण आजवर त्यांच्यापैकी तिथं कुणी गेलं नव्हतं, स्थानिक लोक तिथं शिकार करत, बागा लावत. त्यातून ‘नाग्रियामेल’ ही चळवळ उठली. तिचा पुढारी जिमी स्टीव्हन्स. १९७१ साली इंग्रजी शिकलेल्या तरुणांनी राष्ट्रीय पक्ष काढला, जो पुढे ‘वानुआकू पाटी’ झाला. पुढारी वॉल्टर लिनी, अँग्लिकन धर्मगुरू. त्यांचीही पहिली मागणी जमीन परत करा हीच.

ब्रिटनला लवकर निघायचं होतं. फ्रान्सला भीती होती की इथं स्वातंत्र्य दिलं की शेजारच्या न्यू कॅलेडोनियात, निकेलच्या खाणींच्या बेटावर, तीच मागणी उठेल. नोव्हेंबर १९७९ च्या निवडणुकीत लिनींच्या पक्षाला ३९ पैकी २६ जागा मिळाल्या. त्यानंतर सांतोवर स्टीव्हन्सनं फ्रेंच मळेवाल्यांच्या आणि काही अमेरिकन जमीनवाल्यांच्या पाठबळावर वेगळं राज्य जाहीर केलं. जमिनीसाठी उभी राहिलेली चळवळ जमीन बळकावणाऱ्यांच्या बाजूला गेली, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. तान्नावरही बंड झालं आणि जूनमध्ये तिथला एक निवडून आलेला प्रतिनिधी गोळीबारात मारला गेला. ब्रिटननं नौसैनिक पाठवले, फ्रान्सनं छत्रीधारी. दोन्ही सैन्यं सांतोवर उतरली आणि बंड मोडायला कुणी हात लावला नाही, कारण एकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला काही करता येत नव्हतं. शेवटच्या दिवसापर्यंत हीच गत.

३० जुलै १९८० ला वानुआटू स्वतंत्र झाला. लिनींनी पापुआ न्यू गिनीकडे मदत मागितली, ऑगस्टमध्ये त्यांचं सैन्य आलं आणि बंड संपलं. मेलानेशियन सैनिकांनी संपवलं, हे तिथले लोक आजही अभिमानानं सांगतात.

जमिनीबद्दल राज्यघटनेत स्पष्ट लिहिलं: प्रजासत्ताकातली सगळी जमीन परंपरेनं तिचे मालक असलेल्या स्थानिकांची आणि त्यांच्या वंशजांची. संयुक्त न्यायालयानं नोंदवलेले मालकीचे सगळे दाखले एका वाक्यानं संपले. त्यानंतर परक्याला जमीन भाडेपट्ट्यानंच मिळते, जास्तीत जास्त ७५ वर्षं.

---

वाटसरू२२

७५ वर्षं म्हणजे तीन पिढ्या. भाडेपट्ट्याच्या नावाखाली पुन्हा तेच नाही का झालं?

---

सागरगोटा

काही प्रमाणात झालं. खरा मालक कोण यावर वाद असेल तर मंत्र्याला मालकांच्या वतीनं पट्टा देता येत होता, आणि त्या अधिकाराचा भरपूर गैरवापर झाला. एफातेच्या किनाऱ्याचा मोठा भाग अशा पट्ट्यांखाली गेला, भूखंड पाडून परदेशात विकला गेला. मग राल्फ रेगेनवानू जमीनमंत्री झाल्यावर २०१३ च्या अखेरीस कायदे बदलले, ते २०१४ पासून लागू झाले. वादग्रस्त जमिनीचा पट्टा देण्याचा मंत्र्याचा अधिकार काढून घेतला. मालक कोण हे आता गावाच्या पारंपरिक सभेत ठरतं, आणि पट्टा द्यायला एका पुढाऱ्याची सही पुरत नाही, मालकगटातल्या सगळ्यांना विचारावं लागतं. हिगिन्सनच्या वेळी एका माणसाच्या खुणेवर उपसागर जात होता. हा कायदा करणाऱ्यांना तो इतिहास पाठ होता.